सगळं खरं काढा, पण जरा सांभाळून

विट्याच्या आसपासच्या गावांत लग्नाचा अल्बम तलाठ्याच्या दप्तरासारखा उघडतात. चांगला झालाय की वाईट हे बघायला कुणी बसत नाही, नोंदी तपासायला बसतात. थोरल्या मामाला फेटा बांधला होता की नुसत्या टोपीवर भागवलं, खरसुंडीकडच्या पाव्हण्यांनी भांडी दिली की पाकीट, आणि ते पाकीट स्वतः स्टेजवर येऊन दिलं की पोराच्या हाती धाडलं, या सगळ्याचा निवाडा अल्बममध्ये होतो. आहेराची वही आणि अल्बम ही दोन्ही कागदपत्रं एकमेकांशी जुळावी लागतात. वहीत नाव आहे आणि अल्बमात तोंड नाही, तर फोटोवाल्यानं घोटाळा केला. अल्बमात तोंड आहे आणि वहीत नाव नाही, तर पाव्हण्यानं.

त्यामुळं फोटोला उभं राहण्याची एक रीत पडून गेली आहे. हात मांडीला चिकटलेले, मान ताठ, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत आणि हसायचं नाही. हसायला बंदी कुणी केलेली नाही. पण आमच्या मागच्या पिढीचे फोटो निघाले ते सोसायटीच्या कर्जासाठी, मतदान ओळखपत्रासाठी आणि आधार कार्डासाठी. यातल्या एकाही ठिकाणी गालातल्या गालात हसलेलं चालत नाही. सरकारदरबारी जे चालत नाही ते लग्नात कसं चालेल?

अशा मुलखात माझ्या पुतणीनं डॉक्युमेंटरी पद्धतीचा फोटोग्राफर आणायचं ठरवलं.

पुतणी हिंजवडीला नोकरी करते. लग्न कार्यालयात नको, गावात, आपल्या दारातल्या मांडवात हवं, असं तिनं सांगितलं तेव्हा अप्पा, म्हणजे तिचा बाप आणि माझा थोरला भाऊ, फार खूश झाला. पोरीला अजून गावची ओढ आहे, आणि वर कार्यालयाचं भाडं वाचलं. त्या वाचलेल्या भाड्यात एक फोटोग्राफर बसवायचा आहे हे त्याला पंधरवड्यानं कळलं.

बोलणी व्हिडिओ कॉलवर झाली. फोटोग्राफर पुण्याचा, दाढी राखलेला, बोलायला मऊ. पुतणीनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि समोर अप्पा, मी, आत्ती आणि सहज आलेले चार जण. तो म्हणाला, "काका, मी काहीच घडवून आणत नाही. कुणाला उभं करत नाही, हसा म्हणत नाही, इकडं बघा म्हणत नाही. जे घडतं ते टिपतो. मी तिथं आहे हे तुम्ही विसरूनच जाल."

अप्पानं थोडा विचार केला. "मग तुमी येणार हाय का न्हाय?"

मग त्यानं कार्तिए-ब्रेसाँची गोष्ट सांगितली. हा फ्रेंच छायाचित्रकार 1947 साली भारतात आला, उपोषण सुटल्यानंतरचे गांधीजी आणि पुढं त्यांची अंत्ययात्रा त्यानं टिपली. 1952 साली त्याचं पुस्तक निघालं, आणि तेव्हापासून 'निर्णायक क्षण' हा शब्द कॅमेरा धरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बसला. म्हणजे असं, की कुठल्याही प्रसंगात सगळं जुळून येणारा एकच पळ असतो, तो ओळखायचा आणि बटण दाबायचं.

"तो क्षण आमच्यात भटजी काढतो," अप्पा म्हणाला. "बारा पस्तीस. पत्रिकेत छापलाय."

अटी मेलवर आल्या. हळदीचा आणि लग्नाचा असे दोन दिवस, सोबत एक सहायक, सहाशे फोटो, तीन मिनिटांचा टीझर, मोठी फिल्म दोन महिन्यांनी, निम्मे पैसे आधी. राहायला शांत खोली, बॅटऱ्या चार्ज करायला चार पॉइंट. शेवटी ठळक अक्षरांत एक कलम होतं : छायाचित्रांत कोणताही फेरफार करता येणार नाही. रकमेचा आकडा वाचून अप्पानं तो म्हशीत फिरवला. अप्पा लाखाच्या वरचे सगळे व्यवहार म्हशीत फिरवतो, त्याशिवाय त्याला रकमेचं वजन कळत नाही. दोन मुऱ्हा झाल्या, दुभत्या. "आणि म्हस निदान दूध देती," म्हणून त्यानं तोड सुचवली : सहाशे फोटो कशापायी, तीनशेच काढा आणि पैसे निम्मे घ्या. या तोडीवर फोटोग्राफर बराच वेळ गप्प होता. तांब्याला टेकवलेला फोन घसरून पडला आणि बोलणी तिथंच पक्की झाली असं पुतणीनं जाहीर केलं.

खरी अडचण पैशांची नव्हतीच. गावात फोटोवाला होता.

स्टँडजवळ त्याचा स्टुडिओ. पाठीमागच्या पडद्यावर स्वित्झर्लंड, स्टुलावर कंगवा आणि पावडरचा डबा. गावातल्या प्रत्येक माणसाचं तोंड त्याच्याकडं जपून ठेवलेलं आहे. शाळेच्या दाखल्याला त्यानंच काढलं, लग्नात त्यानंच काढलं, आणि माणूस गेल्यावर फ्लेक्सवर कुठलं तोंड टाकायचं हेही तोच ठरवतो. कॅसेटच्या जमान्यात त्यानं मिक्सिंगमध्ये नाव काढलं होतं. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मी गुलाबाच्या फुलातून बाहेर येतो, बायको शेजारच्या फुलातून येते, आणि दोन कबुतरं आम्हा दोघांना बदामात नेऊन सोडतात. असं काही घडल्याचं आम्हा दोघांनाही आठवत नाही, पण पुरावा आहे म्हटल्यावर वाद घालून उपयोग नाही.

पुण्याहून कुणी येणार म्हटल्यावर तो रुसला. रुसला म्हणजे बोलला काही नाही, फक्त अप्पाच्या दारावरून गाडी न थांबवता गेला. आत्तीनं ते बघितलं. "त्यानं पोरीचं बारसं काढलंय, जावळ काढलंय. त्याला बाजूला सारून लगीन करणार व्हय तुमी?" झालं. दोघांनाही सांगायचं ठरलं. एकानं खरं काढायचं आणि दुसऱ्यानं नीट, अशी वाटणी झाली.

हळदीच्या दिवशी सकाळी पुण्याचा आला. काळा टी-शर्ट, काळी पँट, खांद्यावर काळे पट्टे, त्याला दोन्ही अंगांना दोन कॅमेरे. काळं घालण्यामागं त्याचं शास्त्र होतं. कापडाचा उजेड समोरच्याच्या तोंडावर पडत नाही आणि फोटोग्राफर नजरेत भरत नाही. कार्तिए-ब्रेसाँसुद्धा आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा, लोकांना दिसू नये म्हणून. हे सगळं खरं असेल, पण पॅरिसच्या रस्त्यावर कुणाची हळद चालू नव्हती. दारात रांगोळी, उंबऱ्याला हळदीकुंकू, आणि तिथून आत येणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत काळा. आत्तीच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

तरी सकाळभर त्यानं तसाच प्रयत्न केला. डॉक्युमेंटरीवाल्याचं पहिलं भांडवल म्हणजे न दिसणं. शहरातल्या लग्नात ते जमतं, कारण तिथं निम्म्या लोकांना निम्मे लोक माहीत नसतात. गावात जो माणूस माहितीतला नाही तोच आधी दिसतो. तो भिंतीला टेकून उभा राहिला की कुणीतरी खुर्ची आणून द्यायचं. उकिडवा बसला की म्हातारं माणूस वाकून विचारायचं, "काय हरवलं का बाळा?" कोपरा धरून मिनिटभर दबा धरावा, तर "पाव्हणं कुठलं?" आणि एकदा हा प्रश्न आला की पुण्यावर सुटका नाही. पुण्यात कुठं, मूळगाव कोणतं, आईचं माहेर कोणतं, असं करत करत दुपारपर्यंत तो आमच्या एका लांबच्या चुलतभावाच्या साडवाच्या गावाला जाऊन पोचला. त्याला चहा किती वेळा पाजला त्याचा हिशेब नाही. मागं पोरांची रांग. तो थांबला की रांग थांबायची, तो कॅमेरा डोळ्याला लावायचा तेव्हा पोरं त्याच्या बगलेतून पुढं बघायची, आणि ज्याच्यावर कॅमेरा रोखला असेल त्याला मोठ्यांदा सांगायची, "तात्या, तुमचा काढतोय!"

हळद दळायला बायका बसल्या तेव्हा त्याचं थोडं जमलं. मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधलं होतं. पाच सवाष्णींनी उखळात मुसळ घातलं, मग दोघी जात्याला बसल्या. खुंट्यावर चार हात, एक हात सुटतो न सुटतो तोवर दुसरा वैरण घालतो, पाळूवर पिवळा थर चढत जातो, आणि वरून ओव्या. गाणाऱ्या बाईला गाताना इकडंतिकडं बघायची सवड नसते. हा जमिनीला पोट लावून, बिनआवाजाचं शटर लावून भराभर काढत होता. आयुष्यात असा उजेड मिळाला नव्हता म्हणे, कौलातल्या काचेतून थेट जात्यावर पडलेला. तेवढ्यात धाकट्या काकीला तो दिसला. जातं थांबलं, ओवी अर्ध्यात तुटली, सगळ्यांचे पदर डोक्यावर आले आणि बायका ओळीनं भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"काढा आता."

"नाही नाही, तुमचं चालू दे. चालू असतानाच हवाय."

"चालू असताना कसा येईल? हलतंय की सगळं!"

मागून गावचा फोटोवाला आला, त्यानं भपकन फ्लॅश उडवला, सगळ्यांनी कान दाखवले, आणि बायका समाधानानं परत जात्याला बसल्या.

दुपारी आत्तीनं काळ्या कपड्यांचा निकाल लावला. अप्पाचा पांढरा शर्ट, गांधी टोपी आणि वऱ्हाडासाठी आणलेल्या गठ्ठ्यातलं एक उपरणं त्याच्या पुढ्यात ठेवलं, कपाळाला गंध लावलं आणि "आता काढ बाबा काय काढायचं ते" म्हणून परवानगी दिली. त्यानं नाइलाजानं घातलं. आणि काय सांगावं, तो खरोखर दिसेनासा झाला. टोपी घातलेल्या दोनशे माणसांत दोनशे एकावा कुणी मोजत नाही. पोरांची रांग पांगली. म्हातारे त्याच्या समोर तंबाखू मळत पाटाच्या पाण्याची पाळी, दुधाचा दर आणि एकमेकांची बदनामी बोलायला लागले. काळ्या पट्टीनं जे साधलं नसतं ते आत्तीच्या टोपीनं दोन मिनिटांत साधलं. फक्त एक झालं. जेवणाची पंगत बसली तेव्हा वाढप्यांच्या म्होरक्यालाही तो परका दिसला नाही, आणि त्यानं त्याच्या हातात आमटीची बादली दिली. दोन ओळी वाढून झाल्यावर सहायकानं त्याला सोडवला. त्या काळातले फोटो सहायकानं काढलेले आहेत, आणि माझ्या मते अख्ख्या लग्नातले सगळ्यात नैसर्गिक तेच आहेत.

आता मांडव. फोटोग्राफीवरची पुस्तकं वाचणाऱ्यांनी एकदा आमच्या मांडवात येऊन उभं राहावं. मंडपवाल्यानं छताला गुलाबी आणि पिवळं कापड आलटून पालटून लावलं होतं. वैशाखातलं बारा-साडेबाराचं ऊन, बरोबर डोक्यावर. ते कापडातून गाळून खाली येतं, त्यामुळं एका पट्ट्याखालची माणसं लाजल्यासारखी गुलाबी आणि पुढच्या पट्ट्याखालची कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसतात. नवरा-नवरी नेमकी जोडावर उभी. त्यात स्टेजवर निळे दिवे, आणि ते एलईडी लुकलुकत असल्यामुळं बिनआवाजाच्या शटरनं फोटोवर आडव्या पट्ट्या उठतात. पुण्याच्यानं मंडपवाल्याला विचारलं, पांढरं कापड मिळेल का? मंडपवाला म्हणाला, "मिळतंय की. पर ते दहाव्याला लावत्यात."

ड्रोनची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्याचा ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला, म्हणजे 2021 च्या नियमांप्रमाणं नॅनो गटातला, हातावर मावणारा. त्याला पहाटेच्या उजेडात उघडं माळरान, एकटी बाभूळ आणि लांबून येणारं वऱ्हाड असं काहीतरी उदास हवं होतं. अप्पाला माळरान दाखवायचं नव्हतं. माळरान बघण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलंय. टेंभू योजनेचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं पंपांनी वर चढवत या बाजूला आणलं, त्याचा कालवा दिसला पाहिजे, द्राक्षाचा मांडव दिसला पाहिजे आणि नवा स्लॅब दिसला पाहिजे, अशी त्याची यादी होती. 2024 साली पुणे जिल्ह्यात शिरूर, जुन्नरकडच्या गावांत रात्री ड्रोन दिसायला लागले आणि चोरांच्या धास्तीनं माणसं राखणीला बसली, ती बातमी आमच्याकडंही सगळ्यांच्या लक्षात होती. त्यामुळं पहाटे पाचला ते भुंगं वर जाताच वस्तीवरून दोघं काठ्या घेऊन आले. त्यांना चहा पाजला, ड्रोन दाखवला, मग त्यांचीही द्राक्षबाग चित्रित झाली. बाभूळ राहिली.

लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा, त्यामुळं लग्न सव्वा वाजता लागलं. मधला वेळ माइकचा. माइकवरचा माणूस आला-गेलेल्याचं स्वागत करत होता. आमच्या भागातले गलाईवाले लग्नसराईला झाडून गावी येतात. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी माणसं पार केरळ-तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पांगलेली. त्यामुळं पुकारा असा चालतो, की कोइम्बतूरचे अमुकराव आले आहेत, सिलिगुडीचे तमुकशेठ आले आहेत, आणि अमुकराव उभे राहून हात जोडतात. हा त्यांचा निर्णायक क्षण. पुण्याचा फोटोग्राफर त्या वेळी अमुकरावांच्या मागं बसलेल्या, पेंगणाऱ्या नातवाचा फोटो काढत होता.

अंतरपाट धरला, सगळे उभे राहिले, अक्षता वाटून झाल्या. इथं दोन पंथ समोरासमोर आले. पुण्याचा खाली बसून, वाट बघत. गावचा स्टेजच्या मधोमध, गुरुजींच्या आणि नवरदेवाच्या बरोबर मध्ये. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, अंतरपाट सरला, आणि पहिली नजरानजर जिला म्हणतात ती नवरीची आणि गावच्या फोटोवाल्याची झाली. पुढं मंगळसूत्र. नवरदेवानं बांधलं. "थांबा थांबा, दिसलं न्हाय. परत घाला. दादा, मान जरा हिकडं." परत घातलं. "ताई, तुमी खाली बघा. गुरुजी, तुमचा हात आडवा येतोय." तिसऱ्यांदा घातलं. पुण्याच्याला घाम फुटला होता. त्याच्या धर्मात एकदा गेलेला क्षण परत येत नाही, आणि इथं तोच क्षण तीनदा येत होता, तिन्ही वेळा फोटोवाल्याच्या पाठीमागून. पुढं अल्बम बघताना आमच्या लक्षात आलं, की त्याच्या सहाशे फोटोंत नवरीखालोखाल कुणी दिसत असेल तर तो गावचा फोटोवाला. चेक्सचा शर्ट, खिशात कंगवा, आणि बहुतेक ठिकाणी पाठमोरा. खरं काढायचं म्हटल्यावर त्याला वगळणार कसं?

स्टेजवर आहेराची रांग लागली तेव्हा आणखी एक घोळ. पुण्याचा फ्लॅश वापरत नाही. गावचा तेवढ्यात जेवायला गेला. पाव्हणे येत, नवरदेवाला टोपी घालत, पाकीट देत, कॅमेऱ्याकडं बघून ताठ उभे राहत आणि तसेच राहत. उजेड पडल्याशिवाय आपला निघाला हे कळणार कसं? एकेक कुटुंब मिनिट मिनिट खांबासारखं उभं. रांग मांडवाबाहेर गेली. शेवटी सहायकाला मोबाइलचा टॉर्च लावून-विझवून दाखवायचं काम देण्यात आलं. टॉर्च चमकला की पाव्हणे सुटल्यासारखे खाली उतरायचे.

आणि मग ते झालं जे प्रत्येक लग्नात होतं. नवरदेवाच्या थोरल्या चुलत्यांचं नाव माइकवरून राहिलं. घाईत राहिलं होतं, पण चुलते ताटावरून उठले. त्यांच्यामागं त्यांचा मुलगा उठला, जावई उठला, मग ज्यांचा काही संबंध नव्हता असे तिघे उठले. मांडवाच्या मागं, पाण्याच्या टँकरजवळ बैठक भरली. हातवारे, फेटे काढून हातात घेतलेले, एक जण समजावतोय, एक जण समजावणाऱ्याला समजावतोय, आणि अप्पा मधोमध दोन्ही हात जोडून. दुपारचं ऊन टँकरच्या ओल्या पत्र्यावर पडून सगळ्यांच्या तोंडांवर आलेलं. पुण्याच्या फोटोग्राफरला दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीही कॅमेऱ्याकडं बघत नाही असा प्रसंग मिळाला. तो टोपी सावरत शिरला आणि काढत सुटला.

आधी आमच्या भाच्याच्या लक्षात आलं, मग सगळ्यांच्या. आणि इतका वेळ जमत नव्हती ती एकजूट क्षणात झाली. रुसलेले चुलते आणि समजावणारा अप्पा एकाच बाजूला आले.

"ओ पाव्हणं, हे नका काढू."

"पण काका, हेच तर खरं आहे. ठरलंच होतं ना, जे घडेल ते..."

"ठरलं हुतं की. पर हे घडलंच न्हाय," चुलते म्हणाले, आणि अप्पाच्या खांद्यावर हात टाकून ताटावर जाऊन बसले. भांडण मिटवायला कॅमेरा एवढा उपयोगी पडल्याचं मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही. जाता जाता अप्पा त्याच्याशी हळू आवाजात बोलला, "सगळं खरं काढा, आपलं ठरलंय. पण जरा सांभाळून." भाच्यानं शेजारी उभं राहून ते फोटो पुसून घेतले. भाचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालाय, त्यानं दुसऱ्या कार्डातलेही पुसले.

मला यात अप्पाची लबाडी दिसत नाही. शहरातला माणूस तरी फोटोग्राफरकडून वेगळं काय मागतो? त्यालाही रडणारी आई हवी असते आणि हॉलच्या हिशेबावरून भांडणारा बाप नको असतो. तो फक्त ते आधी फॉर्ममध्ये भरून देतो.

आठ दिवसांत गावच्याचा अल्बम आला. करिझ्मा, जाड पानांचा, उचलायला दोन हात लागतील असा. वहीशी ताडून पाहिला, एक नाव कमी-जास्त नाही. चुलत्यांचा पूर्ण पानाचा फोटो, ताटावर बसलेले, घास हातात. पुण्याच्याचं दोन महिन्यांनी आलं, म्हणजे लिंक आली आणि तिला पासवर्ड. टीव्हीला जोडून घरच्यांना दाखवली. नवरीचं पाऊल, फक्त पाऊल. मुंडावळीचा एक मोती. चहाचे रिकामे कप. मांडवाखाली गारव्याला झोपलेलं कुत्रं, त्याचे चार फोटो. आत्ती अकरा ठिकाणी, सगळीकडं पाठमोरी किंवा अर्धी. सरपंच नाहीतच. आणि शे-दीडशे फोटो काळे-पांढरे. गुलाबी-पिवळ्याचा मेळ काही केल्या बसेना म्हणून त्यानं रंगच काढून टाकला होता. दोष मंडपवाल्याचा, पण आत्तीला ते कोण सांगणार? "रंगाचं पैसं दिलं नव्हतं का रं?" तिनं विचारलं, आणि लग्नाच्या घरात माणसं जिवंत असताना असे फोटो लावायचे नाहीत म्हणून ते पुढं ढकलायला लावले.

जात्याचे फोटो आले तेव्हा मात्र ती पुढं सरकून बसली. हाताला हात लागलेले, पीठ उडालेलं, आणि हललेलंही होतं. ते ती दोनदा मागं घ्यायला लावून बघत राहिली आणि मग म्हणाली, वैरण जास्त घातलीय, म्हणून हळद भरड निघाली.

अप्पाचा एकच फोटो त्यात होता. मठ्ठ्याच्या पिंपाला टेकलेला, फेटा कलंडलेला, कोइम्बतूरच्या मित्रानं काहीतरी कानात सांगितलंय आणि अप्पा तोंड पसरून, डोळे मिटून हसतोय. साठ वर्षांत अप्पाचा असा फोटो निघालेला नाही. त्यानं तो बघितला आणि "दात दिसत्यात" एवढंच बोलला. पण रात्री पुतणीकडून मोबाइलवर मागून घेतला.

पावसाळा सरला आणि विकास सोसायटीची निवडणूक लागली. अप्पा उभा राहिला. गावच्या फोटोवाल्यानं स्टँडसमोर फ्लेक्स लावला, दहा बाय पंधराचा. मधोमध तोच हसरा अप्पा, पण मानेपर्यंतच. खाली निळा कोट, टाय आणि खिशाला पेन. मागं ड्रोनमधून घेतलेला टेंभूचा कालवा, प्रत्यक्षात आहे त्याच्या तिप्पट रुंद, त्यावर जांभळं आकाश. कोपऱ्यात वाघ. सगळ्यात खाली स्टुडिओचं नाव आणि मोबाइल नंबर.

पुतणीनं त्याचा फोटो कौतुकानं स्टेटसला ठेवला आणि तो पुण्याच्यानं बघितला. त्याचा अप्पाला फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. तो बिचारा मऊ आवाजात सांगत होता, काका, आपलं कलम होतं, फोटोत फेरफार करायचा नाही म्हणून.

"फेरफार कसला?" अप्पा म्हणाला. "तोंड तुमी काढलंय तेच हाय की. कोट तेवढा घातलाय. आत्तीनं तुमास्नी न्हवता का शर्ट घातला?"